साखरेचं हिमरू



कवीला आकाशवाणीवर बोलावलं की तो कवितेवर बोलणार, असं सगळे धरून चालतात. कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांनीही तसंच धरलं होतं. मी फोनवर म्हटलं, "साहेब, मला केकवर बोलायचं आहे." पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, "हे नव्या संग्रहाचं नाव आहे का?"

नाही. खराखुरा केक. बिनअंड्याचा, आठ इंची, व्हॅनिलाचा. तो माझ्या मुलीनं केला आणि माझ्या वडिलांनी कापला. या दोन वाक्यांच्या मधे जे घडलं ते सांगायला मी आज आलो आहे. पाककृती सांगणार नाही. तेवढं शिकण्याइतका वेळ मला स्वयंपाकघरात कुणी उभं राहू देत नाही.

आमचं घर छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागात आहे. २०२३ पर्यंत या शहराला औरंगाबाद म्हणत. अब्बा, म्हणजे माझे वडील, हिमरू विणायचे. एका कारखान्यात मजुरीवर माग चालवायचे. पुढे गिऱ्हाईक घटलं, माग एकेक करून बंद झाले आणि अब्बा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत राखणदार म्हणून लागले. मला मात्र त्यांनी मागाला हात लावू दिला नाही. "तू पढ," एवढंच म्हणायचे. मी शिकलो, मराठी घेऊन बीए झालो, नोकरी केली, कविता लिहिल्या. अब्बांच्या हातातलं काम माझ्या हातात आलं नाही, हे मला पन्नाशीपर्यंत जाणवलंही नाही.

माझी मुलगी बीकॉम. एका दुकानात हिशेब लिहायची. २०२० च्या टाळेबंदीत ते काम गेलं. त्या वर्षी देशभर कितीतरी मुलींनी, बायकांनी घरच्या घरी केक करायला सुरुवात केली, त्यातलीच ती एक. आधी शेजारपाजारच्या वाढदिवसांचे केक केले. मग रीतसर अन्न परवान्याची नोंदणी केली, डब्यावर चौदा आकडी क्रमांक छापला. आणि एक दिवस तिनं मला विचारलं, "अब्बू, केकवर पैठणी करता येईल का?"

मी म्हटलं, "पैठणीवर केक सांडलेला पाहिलाय. उलटं नाही पाहिलं."

तर श्रोतेहो, हे उलटं कसं होतं ते थोडक्यात सांगतो. केकवर जो गुळगुळीत, कापडासारखा पडणारा थर असतो त्याला फाँडंट म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर साखरेची कणीक. अतिशय बारीक दळलेली साखर, लिक्विड ग्लुकोज, थोडं ग्लिसरीन आणि बांधून ठेवायला जिलेटिन. हे सगळं मळायचं, तीन-चार मिलिमीटर जाडीची पोळी लाटायची आणि चॉकलेटच्या गनाशनं किंवा बटरक्रीमनं लिंपलेल्या केकवर अलगद पांघरायची. पांघरायची, हाच शब्द बरोबर. ती पोळी केकवर पडते तेव्हा खाली तिला झोळ येतात, चुण्या पडतात. त्या हातानं सोडवत, ताणत, खाली उतरवत न्यायच्या. शिंपी कापड अंगावर बसवतो तसंच. हात मात्र चपळ हवा. हवा लागली की वरची कातडी सुकते आणि तडे जातात. म्हणून उरलेली कणीक सतत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी लागते.

पहिली अडचण आली ती जिलेटिनची. ते जनावरांच्या हाडां-कातड्यापासून काढतात. आमचे नातेवाईक विचारायचे, "हलाल आहे का?" पलीकडच्या गल्लीतल्या जोशीकाकू विचारायच्या, "शाकाहारी आहे ना गं?" जैन गिऱ्हाईक तर फोन घेतल्या घेतल्या तेच विचारायचं. मुलीनं जिलेटिन काढून टाकलं आणि अगर-अगर घेतलं, ज्याला आपण चायना ग्रास म्हणतो. ते समुद्री शेवाळापासून करतात. एका बदलात तिन्ही घरं खूश झाली. सगळ्या देशाचे प्रश्न चायना ग्रासनं सुटत नाहीत, पण आमच्या गल्लीचे सुटले.

अर्थात ते इतकं सोपं नव्हतं. जिलेटिन कोमट पाण्यात विरघळतं, अगर उकळावं लागतं आणि गार होताना पटकन धरतं. म्हणजे मळायचं ते गरम असतानाच. शिवाय अगरची कणीक कमी ताणली जाते, लवकर फाटते. मग तिच्यात सीएमसी नावाची एक भुकटी चिमूट चिमूट घालायची. हे प्रमाण जमेपर्यंत दोन महिने आमच्या घरात फाटक्या साखरेच्या चिंध्या चहात विरघळवून संपवत होते. बहुतेक मीच संपवत होतो.

दुसरी अडचण सोन्याची. जर दाखवायला सोनेरी भुकटी लागते. ती व्होडकात कालवून कुंचल्यानं लावतात, कारण मद्य क्षणात उडून जातं. पाण्यात कालवली तर पाणी साखरेला विरघळवतं आणि सगळं चिकट होतं. आमच्या घरात व्होडकाची बाटली येणं शक्य नव्हतं. मुलीनं कोको बटर गरम पाण्यावर वितळवलं, त्यात खाण्यायोग्य भुकटी मिसळली आणि त्यानं रंगवलं. चमक जरा मंद येते. पण जुन्या पैठणीची जर अशीच मंद असते! बाजारात मिळणाऱ्या काही भुकट्यांवर 'विषारी नाही' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ ती खाण्यासाठी केलेली आहे, असा होत नाही. डब्यावर खाद्य म्हणून स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्यायची. केक करणाऱ्या ज्या कुणी मुली हे ऐकत असतील त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

अब्बा हे सगळं पलंगावरून पाहत असत. एक दिवस ते म्हणाले, "मशरू."

मला लगेच कळलं नाही. मशरू हे आपल्याकडचं एक जुनं कापड. पुरुषांनी अंगाला शुद्ध रेशीम लावू नये, असा आमच्यात दंडक आहे. मग विणकरांनी काय केलं? उभा धागा रेशमाचा घेतला, आडवा सुताचा, आणि वीण अशी ठेवली की रेशीम वरच्या अंगाला दिसावं आणि कातडीला सूत लागावं. मशरू या शब्दाचा अर्थच मुळी धर्माला मान्य असलेलं. नियम मोडला नाही आणि हौसही राहिली. जिथं नकार असतो तिथं कारागीर अशी वाट काढतो, एवढंच अब्बांना म्हणायचं होतं. त्यांनी एका शब्दात म्हटलं. मला इतकी वाक्यं लागली. मजूर आणि कवी यांच्यात हा फरक असतो.

साखरेचं कापड करायची हौस मात्र आजची नाही. १५७४ साली फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला होता. त्याच्या मेजवानीत ताटं, सुऱ्या, टेबलावरची चादर, हात पुसायचे रुमाल असं सगळं साखरेचं केलं होतं. राजानं रुमाल उचलला आणि तो हातातच मोडला, असं वर्णन केलेलं आहे. त्यानंतर आठ वर्षांनी, १५८२ मध्ये, इस्तंबूलला शहजाद्याच्या सुंतेच्या सोहळ्यात साखरेच्या प्राण्या-पक्ष्यांची मिरवणूक निघाली. तेव्हा साखर महाग होती आणि हा श्रीमंती दाखवण्याचा प्रकार होता. आपल्याकडे मात्र गरिबाच्या घरीही साखरेचा दागिना पोचला. संक्रांतीला नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला हलव्याचे दागिने घालतात. पाडव्याला गुढीला साखरेची गाठी असते. दागिना आपल्याकडे होताच. फक्त लुगडं राहिलं होतं.

आता हे लुगडं विणण्याच्या रीती. मी ज्या डोळ्यांनी पाहिल्या त्या सांगतो. सर्वांत सोपी रीत ठशाची. सिलिकॉनच्या चटईवर नक्षी कोरलेली असते, ती साखरेच्या पोळीवर दाबायची. रजईसारखे तिरके चौकोन पाडायचे असतील तर पट्टीनं रेघा दाबायच्या आणि त्यांवरून एक दातेरी चक्र फिरवायचं. शिंपी खुणा करायला वापरतो तसंच ते चक्र, त्यानं टाके पडल्यासारखे दिसतात. झालर करायची तर पट्टीची कड गोल टोकाच्या काडीनं दाबत पातळ करायची, ती आपोआप लहरते. चिकनकाम दाखवायचं तर साखरेच्या घट्ट आयसिंगनं पाकळीची कड काढायची आणि ओल्या कुंचल्यानं ती कड आतल्या बाजूला ओढायची. कडेला जाड, मधे विरळ, हुबेहूब भरतकाम. आणि लेस हवी असेल तर तिचं पातळ मिश्रण चटईच्या खाचांत भरून मंद आचेवर सुकवायचं, मग सोलून काढायचं. या कामात आपल्याकडच्या बायका आज फार पुढं गेल्या आहेत. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी अंड्याशिवायच्या रॉयल आयसिंगमध्ये २०२२ साली मिलानच्या कॅथेड्रलची प्रतिकृती उभी केली आणि तिची लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये नोंद झाली.

आमच्या मुलीची उडी एवढी मोठी नव्हती. तिला एक ऑर्डर आली होती. शहरातल्या एका बाईंच्या वडिलांची पंच्याहत्तरी होती. त्यांची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. आईच्या लग्नातल्या पैठणीचा फोटो त्यांनी पाठवला आणि म्हणाल्या, "हा पदर केकवर करशील का? बाबांना सांगणार नाहीये. त्यांनी ओळखला पाहिजे."

जुलै महिना होता. मुलीनं गडद जांभळा रंग आदल्या दिवशीच मळून ठेवला, कारण गडद रंग रात्रभरात आणखी मुरतो. चटईनं मोर आणि वेल उठवली, त्यात रंग भरले, काठावर कोको बटरचं सोनं चढवलं. रात्री अकराला केक पूर्ण झाला. आम्ही सगळे भोवती उभे. खरोखर पदर टाकल्यासारखा दिसत होता. मुलीनं आजोबांकडे पाहिलं. आमच्याकडे आजोबांना दादा म्हणतात. "दादा, कैसा है?"

अब्बांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "बेटी, अच्छा बनाई. पन ये कपडा नई है. छापा है."

मला त्यांचा राग आला. रात्री अकरा वाजता, दोन दिवस उभं राहून काम केलेल्या पोरीला कुणी असं बोलतं का? ती काही बोलली नाही. केक मात्र तिनं शीतकपाटात ठेवला. दमली होती, घाबरली होती, बाहेर मुंग्यांची भीती होती. इथंच चूक झाली. साखर हवेतलं पाणी ओढून घेते. पावसाळ्यात गार केक बाहेर काढला की त्यावर दव धरतं, आपल्या गार पाण्याच्या तांब्यावर धरतं तसं. सकाळी डबा उघडून ती रिक्षात बसली आणि बाईंच्या घरी पोचेपर्यंत पदराला घाम फुटला होता. मोराचा हिरवा रंग जरीत उतरला होता. काठ खाली ओघळला होता.

बाई काही बोलल्या नाहीत, हेच वाईट झालं. त्यांनी केक घेतला, पैसे पुढे केले. मुलीनं पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी त्यांचा फोन आला. बाबांनी तो पदर ओळखला नव्हता.

पंधरा दिवस आमच्या घरात ओव्हन लागला नाही. भांडी घासून पालथी ठेवलेली. मी तिला समजावण्याचा प्रयत्न केला. कवी समजावायला लागला की घरातले लोक उठून जातात, तशी ती उठून गेली.

मग एका दुपारी अब्बांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. ती पेटी मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तिच्यात काय आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं. तिच्यातून एक हिमरूचा तुकडा निघाला, वीतभर, कडेनं कापलेला. आणि एक वही. चौकटीच्या कागदाची, कडा तुटलेल्या. पानोपानी चौकोन भरलेले, काही निळ्या शाईनं, काही शिसपेन्सिलनं. कोयऱ्या, बुट्ट्या, वेली. एक चौकोन म्हणजे एक धागा.

हिमरूची गोष्ट मी कुठं कुठं भाषणातही सांगितली होती. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा विणकर इकडे आले, असं सांगतात. राजे-सरदार किनखाब वापरत, रेशमात सोन्या-चांदीच्या तारा गुंफलेलं. ते सर्वांना परवडणारं नव्हतं. मग सुताचा उभा धागा आणि रेशमाचा आडवा घेऊन त्याच्यासारखं दिसणारं कापड काढलं, तेच हिमरू. त्या नावाचा मूळ अर्थच 'सारखं दिसणारं' असा आहे, असं आमच्याकडचे जुने लोक सांगत. म्हणजे हिमरू स्वतःच एक नक्कल. हे सगळं मला पाठ होतं. पण घरातल्या पेटीत वही होती, हे ठाऊक नव्हतं.

अब्बांनी तो तुकडा नातीच्या हातात दिला आणि म्हणाले, "कोयरी देख. गोल है?"

"हौ दादा, गोल है."

"नजीक से देख."

तिनं खिडकीपाशी नेऊन पाहिला. मीही वाकलो. आणि श्रोतेहो, इतकी वर्षं हिमरू पाहणाऱ्या मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, की कोयरी गोल नव्हतीच. तिचा बाक पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होता. उभा धागा उभा असतो, आडवा आडवा असतो. त्यांत वळणारा धागा नसतो. वळण घ्यायचं तर एक घर सोडून वर चढायचं, पुन्हा एक घर सोडून चढायचं. लांबून ते गोल दिसतं. "ताने-बाने में गोल रहताइच नई," अब्बा म्हणाले. "सिढी रहती. तेरे मोर की गर्दन गोल थी, इसके वास्ते छापा दिखा."

मग त्यांनी जे वाक्य म्हटलं त्यासाठी मी आजचं हे भाषण करतो आहे. म्हणाले, "नकल करना, तो कपडे की गलती बी करना."

श्रोतेहो, माझा पहिला कवितासंग्रह आला तेव्हा एका जाणत्या समीक्षकानं मला सांगितलं होतं, की तुमच्या ओळी सफाईदार आहेत, पण तुमच्या वाटत नाहीत. मी दुखावलो होतो. मला वाटलं, मुसलमानाची मराठी म्हणून बोलतो आहे. तसं नव्हतं. मी मोठ्या कवींची गोलाई उचलली होती. घरात आम्ही जी दखनी बोलतो, जिच्यात मराठी आणि उर्दू एकमेकींच्या अंगावर पाय टाकून झोपतात, ती मी कवितेच्या दाराबाहेर ठेवली होती. तिच्या पायऱ्या मला ओबडधोबड वाटत होत्या. त्या दुपारी वीतभर तुकडा हातात घेऊन मला ते समीक्षक आठवले. आज ते हयात नाहीत. असते तर फोन केला असता.

दुसऱ्या दिवशी ओव्हन लागला.

आता नक्षी ठशानं उठवायची नव्हती, एकेक धागा ठेवायचा होता. मुलीनं कणकेत सीएमसी वाढवलं, पोळी पातळ लाटली आणि शेवया पाडायच्या हातयंत्रातून दोन दोन मिलिमीटरच्या पट्ट्या काढल्या. वहीतलं एक घर म्हणजे दोन मिलिमीटर. अब्बा पलंगावरून घरं मोजून सांगायचे, "पाच छोड, दो भर, तीन छोड, एक भर." ती पट्टी कापायची, ओल्या कुंचल्यानं चिकटवायची. ओळ संपली की पुढची ओळ. चार ओळी झाल्या की अब्बा दमायचे, मग मी वाचून दाखवायचो. वहीतले चौकोन मोजताना माझी सारखी चूक व्हायची. अब्बा डोळे मिटून पडलेले असत आणि तरी म्हणत, "नई, वहाँ तीन है." त्यांना ती वही पाठ होती. माग सुटून चाळीस वर्षं होत आली होती.

एक पेच मोजमापाचा आला. कोयरी आणि तिच्याभोवतीची वेल मिळून अठ्ठेचाळीस घरं. म्हणजे साडेनऊ सेंटिमीटरच्या वर. वरचे थर धरून केकचा घेर सहासष्ट सेंटिमीटर. सहा कोयऱ्या बसतात आणि सातवी अर्धवट राहते. कापडाला दोन टोकं असतात, अर्धी कोयरी काठात गेली तरी चालते. केक गोल, त्याला टोकच नाही. अब्बांनी जन्मात गोल कापड विणलं नव्हतं. ते अर्धा दिवस गप्प होते. मग त्यांनी कागद मागितला आणि थरथरत्या हातानं दोन कोयऱ्यांच्या मधे एक छोटी बुट्टी काढली. सात घरांची. सहा ठिकाणी सात सात घरं घातली की घेर पुरा होतो. पंच्याऐंशीव्या वर्षी माझ्या वडिलांनी एक नवीन नक्षी काढली आणि ती साखरेसाठी काढली.

या सरावाला चार महिने गेले. मधल्या काळात ऑर्डरी येत होत्या, त्यावर घर चालत होतं. पैठणीचीही नवी रीत मुलीनं बसवली. पैठणीत प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते आणि शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवत विणतात, म्हणून ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. तिनंही रंग भरणं सोडलं. मोराच्या आकाराचा जांभळा तुकडा पायरीपायरीनं कापून काढायचा, त्या रिकाम्या जागी तेवढाच हिरवा तुकडा बसवायचा आणि वरून हलकं लाटणं फिरवायचं. दोन्ही रंग एका पातळीत येतात, जोड दिसत नाही. आणि केक शीतकपाटात न ठेवता पंख्याखाली कोरड्या खोलीत ठेवायचा, हे तर ती आता झोपेतही सांगेल.

अब्बांच्या जन्माची तारीख घरात कुणालाच ठाऊक नाही. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी लिहिलेली एक तारीख आहे, ती आम्ही खरी मानतो. त्या दिवशी हिमरूचा केक पूर्ण झाला. मेंदीच्या रंगाच्या जमिनीवर फिकट पिवळ्या कोयऱ्या आणि मधे अब्बांची नवी बुट्टी. मुलीनं त्या बाईंनाही बोलावलं होतं. मला वाटलं, येणार नाहीत. त्या वडिलांना घेऊन आल्या. ते गृहस्थ केकपाशी बराच वेळ वाकून उभे होते. मग हळूच बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. अब्बांना म्हणाले, "हात लावायला भीती वाटते. उसवेल असं वाटतं."

अब्बांना याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणी दिलेलं मी पाहिलेलं नाही.

मग सुरी आली आणि सगळे थांबले. कापायचं कसं? तीन दिवस रात्रंदिवस एकेक पट्टी लावलेली. मुलगी म्हणाली, "दादा, नका कापू. ठेवून देऊ." मीही तेच म्हणालो. फोटो काढून झाले होते, तरी कुणाचा हात पुढे होईना. तेव्हा अब्बांनीच सुरी घेतली. म्हणाले, "कपडा पूरा हुआ तो करघे पे से काटनाइच पडता. नई काटे तो दूसरा कब चढाते?"

आणि दोन कोयऱ्यांच्या बरोबर मधून, स्वतःच्या बुट्टीवरून, त्यांनी सुरी घातली. कोयरी एकही तोडली नाही.

पहिला तुकडा त्यांनी त्या गृहस्थांना दिला, दुसरा नातीला. स्वतः खाल्ला तेव्हा तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "मीठा जादा हुआ." ते खरंच आहे. फाँडंट फार गोड असतो. बरेच लोक तो सोलून बाजूला ठेवतात आणि आतला केक खातात. आमच्याकडे त्या दिवशी कुणी सोलला नाही.

जाताना बाईंनी वडिलांसाठी पुन्हा त्याच पदराची ऑर्डर दिली. या खेपेला फोटो न पाठवता त्या पैठणीच घेऊन आल्या. मुलीनं आणि अब्बांनी ती खिडकीत धरून तिची घरं मोजली. मी वहीत लिहून घेतली. त्या वहीत माझ्या अक्षरातलं ते पहिलं पान आहे. वही आता पेटीत नसते. स्वयंपाकघरात, चायना ग्रासच्या डब्याशेजारी असते आणि तिच्या कडांना लोण्याचे डाग पडले आहेत. मी एकदा म्हटलं, "जपून वापर गं, जुनी आहे." तर अब्बाच म्हणाले, "रहने दे. काम में है."



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)